चंद्रप्पाची भूकंपाची बेल

आमचे हे, म्हणजे चंद्रप्पा वायरमन. घरात नवी वस्तू आली की यांच्या हातात आधी पेचकस. मिक्सर आणला, तर खोक्यातून काढला तसा खोलूनच बसले! "आत काय फिरायलंय ते कळाल्याबिगर चटणी कशी खावी?" म्हणे. म्हटलं, तोंडानं खावा. पण खरं सांगते, यांनी परत जोडलेला मिक्सर कधी जळला न्हाई.

माझ्या सासूबाईंपुढं मात्र यांनी हात टेकले होते. नागुबाई त्यांचं नाव. त्र्याण्णवच्या भूकंपात गावाकडं त्यांची धाकटी लेक डोळ्यांदेखत माळवदाच्या दगडमातीखाली गेली. आम्ही त्यांना लातूरला आणलं, तर स्लॅबखाली झोपायचं नावच न्हाई. अंगणात पत्र्याचं शेड, उशाला तांब्यावर तांब्या, वर पेला. जमीन हालली की पेला पडणार, या उठून पळणार. त्या साली सगळा जिल्हाच असा झोपायचा. सासूबाईंनी ते दहा वर्षं चालवलं. थंडीत खोकून खोकून बेजार व्हायच्या.

लेकाच्या जिवाला ते लई लागलं. बाजारातून दाराची सेलवर चालणारी बेल आणली, खोलली. बटण दाबलं की दोन पट्ट्या चिकटतात आन् बेल वाजते, एवढंच हाय म्हणाले. बटण काढलं, त्या जागी तारेला नट टांगला, भोवती पितळी कडं. घर हाललं की नट कड्याला लागणार. आधी ट्रक गेला तरी वाजायची, अख्खी गल्ली रस्त्यावर! शिव्या खाल्ल्या, कडं मोठं केलं, परत जोडली. वर्षभर हेच. शेवटी म्हणाले, "माय, आता ही चुकत न्हाई. आत झोप."

आन् त्या आल्या! तांबे-पेले फळीवर गेले. मी तर रडलेच.

पुढच्याच महिन्यात एका पहाटे जमीन हालली. थोडीच. पण माळ्यावरची लोखंडी ट्रंक झोपलेल्या सासूबाईंच्या कमरेवर आली. खुबा मोडला. बेल वाजली न्हाई.

पाच वर्षं झाली, त्या खाटेवरच हायत. रोज विचारतात, "चंद्रू, का रं वाजली न्हाई?" हे बेल खोलतात, कडं मोजतात, टेबल हलवून बघतात. वाजते. परत खोलतात. दुसरं काही खोलायचं सोडलंच यांनी. "सिंधु, चूक सापडंना गं," म्हणतात, तेव्हा यांच्याकडं बघवत न्हाई.

बेलीत चूक न्हाईच. आमची लेक साक्षी तेव्हा बारावीला होती, पहाटे पाचची ट्यूशन. आदल्या रात्री तिच्या गजराच्या घड्याळाचे सेल संपले. उद्या नवे आणू म्हणून बेलीतले काढून मीच घातले. असं कोणाच्या घरात होत न्हाई? सकाळी दवाखान्याच्या गडबडीत गुपचूप परत बसवले.

साक्षी आता डॉक्टर व्हायला आली. मी रोज ठरवते, आज सांगायचं. तेवढ्यात हे पेचकस मागतात, आन् मी मेली तो उचलून यांच्या हातात देते.