सामाईक विहीर

येरमाळ्यात संगणक दुरुस्त करणारा एक माणूस आहे. आपलं सगळं सांगून झालं की तो मान हलवतो आणि म्हणतो, "बरं, सांगा." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मला याचा भारी राग यायचा.

नव्या लॅपटॉपवर शाळेच्या कामासाठी विंडोज आणि माझ्या शिकण्यासाठी लिनक्स, असं दोन्ही हवं होतं. त्यानं कागदावर डिस्कचा चौकोन काढून रानाची वाटणी करावी तशा रेघा मारल्या. "हे थोरल्याचं, हे धाकट्याचं. अन् ही मधली विहीर सामाईक. दोघांनी बी पाणी घ्यायचं." म्हणजे दोन्हीकडून उघडता येतील अशा फायलींची जागा.

लिनक्स भरायला पेनड्राइव्ह लागत होता. मी पर्समधला काढून दिला.

"समदं पुसलं जाईल, ताई. काय हाय ह्यात?"

"काही नाही."

त्यानं मान हलवली. "बरं, सांगा."

"अहो, काही नाही म्हटलं ना!"

लॅपटॉप घेऊन घरी आल्यावर आठवलं. माझ्या वारलेल्या वडिलांचा, आप्पांचा, मोबाइलवर चोरून टिपलेला आवाज, एवढा एकच, त्या पेनड्राइव्हवर होता. रडतच त्याला फोन लावला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "पुसायच्या आधी म्या उतरवून घेतलंय. समदीच माणसं 'काय न्हाय' म्हणत्यात, ताई. विहिरीत बघा."

हल्ली तो "बरं, सांगा" म्हणाला की मी निमूट पहिल्यापासून सांगते. आणि लॅपटॉपची कुठलीही बाजू चालू केली, तरी आप्पा तिथं असतात, माझ्यावर खेकसत: "बंद कर की गं ते आता!"