सोमवारची हजेरी

ती केस आठवली की आजही माझा थोडा गोंधळ उडतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. फौजदार म्हणून अंबरनाथला माझी पहिलीच नेमणूक होती. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे पंचनाम्याचं मराठी मी ठाण्यातल्या जमादारांकडून शिकत होते आणि फारसं बोलत नव्हते.

एका मंगळवारी सकाळी कारखान्यातून तक्रार आली. आदल्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं गेली होती. थोड्या वेळाने ठाण्यात निनावी फोन आला, "मशीनवरच्या नव्या माणसाला विचारा, काल दुपारी कुठे होता."

हा माणूस पस्तिशीचा, बायकोसोबत खरवईला भाड्याच्या खोलीत राहणारा. दर सोमवारी दवाखान्याचं कारण सांगून अर्धा दिवस रजा घ्यायचा. जमादारांनी दवाखान्यात चौकशी केली. त्या नावाचा पेशंटच नव्हता.

"झालं मॅडम, केस फिनिश," जमादार म्हणाले.

आम्ही त्याला ठाण्यात आणलं. "सोमवारी कुठे होतात?" मी विचारलं.

"दवाखान्यात."

"तिथे तुमचं नाव नाही."

"मग दुसऱ्या दवाखान्यात असेन."

"मॅडम, तुम्ही जरा चहा पिऊन या," जमादार म्हणाले. "मी याला सगळे दवाखाने आठवून देतो."

मी उठले नाही. मला त्या माणसाच्या वागण्याचा मेळ बसत नव्हता. चोरी करणारा एखादं तरी बऱ्यापैकी खोटं तयार ठेवतो. याचं खोटं उघडं पडलं होतं, तरी हा तेच धरून बसला होता. जबाब लिहून झाल्यावर त्याने सफाईदार सही केली, तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्यावर शाईचा जांभळा डाग दिसला. सही येणाऱ्याचा अंगठा कोण घेतं? आम्ही पोलीसच.

आधी कुठे राहायचा हे विचारलं, तर उल्हासनगर म्हणाला. जमादारांना घेऊन मी तिथल्या ठाण्यात गेले आणि सुटून आलेल्यांच्या हजेरीचं रजिस्टर मागितलं. सोमवारच्या पानावर त्याचा अंगठा होता. घरफोडीची शिक्षा भोगून आलेला, दर आठवड्याला हजेरी. यायची वेळ दीड, जायची साडेचार.

"अंगठा लावायला तीन तास?" मी विचारलं.

"साहेब राउंडला असले की बसवून ठेवतो, मॅडम," तिथला हवालदार म्हणाला. "याला कुठे ऑफिस गाठायचंय?"

परत येऊन मी त्या माणसाला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"पुरावा नसला तर चोरीतून तुम्ही सोडाल. मी आत होतो हे शेठला कळलं तर काम जाईल. याच्यापायी दोन खोल्या आधीच गेल्यात."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन शेठला सांगितलं की हा माणूस निर्दोष आहे. शेठ सिंधी. "फिर सोमवार को था किधर?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे. एका केसमध्ये तो पोलिसांना मदत करतोय," मी म्हणाले. ते खोटं होतं. मला वाटलं, मी त्याला वाचवलं.

चार दिवसांनी माल गोदामातल्याच एका हमालाच्या घरी सापडला. फोन त्यानेच केला होता. माझ्या दृष्टीने केस संपली. आठवड्याभरात मशीनवरचा तो माणूस ठाण्यात आला.

"मॅडम, हमालाला मीच पकडून दिलं म्हणतात. सगळे खबरी म्हणतात. डबा खायला शेजारी कोण बसत नाही. खरवईपर्यंत गेलं हे, घरमालकाने खोली सोडायला सांगितलंय. त्यापेक्षा चोर होतो हेच सांगायचं होतं."

त्याच्या सांगण्यावरून मी त्याच्यासोबत शेठकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. शेठने आधी मलाच सुनावलं.

"चोर होता तर चोर बोला ना, मॅडम. चोर पे मैं नजर रखेगा. खबरी पे कैसे रखेगा?" मग त्याच्याकडे वळून म्हणाला, "और ये सोमवार का क्या लफडा है? अपनी छुट्टी शुक्रवार. हाजिरी भी शुक्रवार को लगा."

आमच्या भागात कारखाने शुक्रवारी बंद असायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी हजेरीचा वार बदलावा हे उल्हासनगरच्या ठाण्यात कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी उल्हासनगरला जाऊन विनंती केली. तिथल्या साहेबांनी सोमवार खोडून शुक्रवार लिहिला. एवढंच काम होतं.

खोली मात्र गेली. एका सुट्टीच्या दिवशी मी साध्या साडीत त्या नवरा-बायकोबरोबर चामटोलीला खोली शोधायला गेले. तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या घरी मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्या कोन तुमच्या?"

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात इथेही तोच म्हणाला, "पोलीस मॅडम आहेत. मी दोन वर्षं आत होतो. घरफोडी. आता अंबरनाथला कामाला आहे."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याच्या बायकोला म्हणाल्या, "पानी सकालचं येकच तास येतं. चालंल काय?"

गुपित राखणं म्हणजे मदत करणं, असं मी समजत होते. ते चूकच होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. त्याच दिवशी त्याच्या तोंडून तेच खरं ऐकून तिघांनी दार लावलं होतं. मला एवढंच कळलं, की शेठला काय सांगायचं हे ठरवताना मी त्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.