सातचा भोंगा आणि भुरीचा खोकला

खाडीकाठच्या पावणे गावातल्या पुतळाबाईने आपल्या धाकट्या दिराशी, गोटीरामशी, बोलणं टाकलं ते १९८१ सालच्या मे महिन्यात, नवऱ्याच्या बाराव्याच्या दिवशी. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि अंगण सामाईक होतं. इतक्या जवळ राहून न बोलायचं म्हणजे कष्टाचं काम. पुतळाबाईने ते साडेचार वर्षं एक दिवस न चुकता केलं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. आगऱ्यांची भातशेती गेली आणि तिथे कारखान्यांच्या शेड उठल्या, तेव्हा रंगाच्या कारखान्यात पहिला लागला गोटीराम. थोरला भाऊ वामन घरी नुसता बसून होता. गोटीराम त्याला म्हणाला, "दादा, बांधावर बसून शेत परत येनार हाय काय? चल, साहेबाला बोलतो." वामन गेला. तिसऱ्या वर्षी त्याला खोकला लागला, सहाव्या वर्षी तो वारला. बाराव्याला सगळी भावकी जेवायला बसली असताना पुतळाबाई गोटीरामच्या पानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या नवऱ्याला तू नेलास त्या भट्टीत. आता पोटभर जेव." गोटीराम पानावरून उठला. पुढे त्याच्या मुलीची हळद त्याच अंगणात लागली, तेव्हा ही आतून कडी लावून बसली होती. मुलगी नमस्काराला येऊन दारावर थाप मारून गेली. हिने कडी काढली नाही.

मूलबाळ नव्हतं. वामनच्या मागे उरली ती भुरी. खाडीच्या बांधावर सापडलेलं मांजराचं पिल्लू वामनने टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, त्याला आता तेरा वर्षं झाली होती. भुरीचे वरचे दोन दात पडले होते, उडी मारायच्या आधी ती बराच वेळ विचार करायची आणि मग बहुतेक वेळा उडी मारायचीच नाही. तिची जागा चुलीजवळ. वामनही शेवटी शेवटी तिथेच घोंगडी टाकून बसायचा, शेक मिळतो म्हणून.

१९८५ची दिवाळी झाली आणि भुरी खोकायला लागली. मांजराचा खोकला विचित्र दिसतो. ती जमिनीला पोट टेकवून बसायची, मान पुढे लांब करायची, बरगड्या आत-बाहेर व्हायच्या आणि घशातून खरखर आवाज यायचा. आता काहीतरी ओकून पडणार असं वाटायचं, पण पडायचं काहीच नाही. जरा वेळाने ती ओठ चाटून पुन्हा झोपायची.

गोटीरामची बायको सुमित्रा हिच्याशी पुतळाबाईचं कामापुरतं बोलणं होतं. सुमित्राने अंगणातूनच निदान केलं. "बाय, काटा अडकलाय तिला. बोईट घातलीस ना परवा? बोईटाचा काटा लई वाईट. सुक्या भाकरीचा घास चार, खाली उतरंल."

खाडीकाठच्या गावात घसा म्हटला की काटा. पुतळाबाईने सुकी भाकरी चारली, पिकलं केळं चारलं. मग लहान मुलांना देतात तशी ओव्याची धुरी दिली. भुरी धुरीतून जी पळाली ती खाटेखाली जाऊन खोकत राहिली. बोईट बंद झाली, खोकला बंद झाला नाही.

आणि मग एक दिवस पुतळाबाईच्या ध्यानात आलं की भुरी खोकते ती सकाळी सातला. कारखान्याचा भोंगा वाजला की दहा मिनिटांत सुरू. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुतळाबाईने भुरीला मांडीवर घेतलं आणि तिला, लाज वाटावी इतकं, बरं वाटलं. वामन असाच सातला खोकायचा. चार वर्षं ती सांगत होती ते आता एक मुकं जनावर सांगत होतं. आता फक्त कोणा शिकलेल्या माणसाने ते मोठ्याने बोलायला हवं होतं, गोटीरामला ऐकू जाईल असं.

शिकलेला माणूस आयताच आला. सुमित्राच्या म्हशीला टोचायला गुरांचे डॉक्टर खरात येत. ते मूळचे जालन्याकडचे, तरुण, सायकलवरून फिरणारे. गोटीराम म्हशीचं दावं धरून उभा होता. पुतळाबाई भुरीला घेऊन नेमकी तिथेच गेली.

"डाक्टर, हिला कारखान्याचा धूर लागलाय. बघा."

खरात हसले. "मावशी, मी म्हशीचा डॉक्टर." पण त्यांनी भुरीचं तोंड उघडून पाहिलं, छातीला कान लावला. "खाते का नीट?"

"खाते."

"लाळ गळते? ओकते?"

"नाय."

"मग काटा नाही. काटा असता तर महिनाभर जेवली नसती. खोकते कधी?"

"सातच्या भोंग्याला." पुतळाबाईने आवाज चढवला. "रोज. भोंगा वाजला की."

गोटीरामने मान वळवली नाही, पण दाव्यावरची मूठ घट्ट झाली. पुतळाबाईने ते पाहिलं.

खरात म्हणाले, "उद्या सकाळी पलीकडच्या गोठ्यात येतोच आहे. सातला बघून जातो."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा भोंगा वाजून गेला होता आणि पुतळाबाईचं दार बंद होतं. त्यांनी दार ढकललं, आत एक पाऊल टाकलं आणि उलट्या पावली बाहेर येऊन रुमाल नाकाला लावला. डोळे पुसून पुन्हा आत गेले. चुलीवर तवा होता, तव्यावर तंबाखू काळी होत होती, आणि चुलीपासून दोन हातांवर भुरी मान लांब करून खोकत होती.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? मशेरी भाजते."

"रोज?"

"रोज ताजी लागते मला. शिळीनं दात शिवशिवतात."

"सातला?"

"भोंगा झाला की तवा ठेवते. घड्याळ कुठं हाय माज्याकडं."

खरातांनी खिडकीकडे पाहिलं. तिच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या होत्या. "आणि दारं-खिडक्या का बंद?"

"कारखान्याचा वास येतो. ह्यांना खोकला लागला तवापासून बंद ठेवते. वास आत येऊ नये."

डॉक्टरांनी फटीतली एक चिंधी ओढून काढली. मग म्हणाले, "कारखान्याची हवा चांगली आहे असं मी म्हणत नाही. मलाही तिथून जाताना नाक धरावं लागतं. पण मांजर म्हातारं झालंय, हा तव्याचा धूर आता त्याला सोसत नाही. एक महिना करून बघा. तवा बाहेर ठेवा. दार उघडं ठेवा. चूल धुपू देऊ नका. त्याउपर खोकली तर मला सांगा."

मशेरीच्या धुराने ठसका लागतो हे पुतळाबाईला माहीत नव्हतं असं नाही. घरोघरी तो लागे. पण तव्याच्या ठसक्याला खोकला कोणी म्हणत नसे. तिच्या सासूने त्याच घरात चाळीस वर्षं मशेरी भाजली होती. मात्र तेव्हा दार रात्रीसुद्धा नुसतं लोटलेलं असायचं आणि खाडीचा वारा पुढून येऊन मागून जायचा.

डॉक्टर खोटे पडावेत म्हणूनच तिने ते केलं. तवा पडवीच्या कोपऱ्यात गेला, खिडकीतल्या चिंध्या निघाल्या. भुरी खोकली की ती कोळशाने भिंतीवर रेघ ओढायची. पहिल्या आठवड्यात तेवीस रेघा झाल्या. दुसऱ्यात चौदा. तिसऱ्यात सहा. चौथ्या आठवड्यात भोंगा रोज वाजला, कारखान्याचा पिवळट वासही उघड्या दारातून सरळ आत आला आणि भुरी चुलीजवळ झोपून राहिली. रेघ एकही नव्हती.

पुतळाबाई त्या भिंतीसमोर बसली आणि तिला वामनचे शुक्रवार आठवले.

शुक्रवारी वामनला सुट्टी. वामन उजाडताच खाडीवर जाऊन बसायचा आणि अंधार पडताना यायचा. पावसातसुद्धा डोक्यावर इरलं घेऊन जायचा. एकाच दिवसाची सुट्टी, तीही घरात काढत नाही, याचा तिला राग यायचा. "खाडीत दुसरी ठेवलीस काय रं?" ती दारातून ओरडायची. तो हसायचा. "तिथं बरं वाटतं गं जरा," म्हणायचा. तिने कधी विचारलं नाही, काय बरं वाटतं. उलट तो परत येईपर्यंत खिडकीच्या फटी आणखी घट्ट करून ठेवायची, आणि त्याला चुलीजवळ शेकायला बसवायची, आणि धुरी द्यायची.

सुमित्राने विचारलं, "भुरी खोकत नाय आताशी?"

"काटा निघाला," पुतळाबाई म्हणाली.

"बोलले नव्हते मी? डाक्टरला काय कलतंय."

गोष्ट इथेच मिटली असती. पण भिंतीपलीकडून सकाळी सातला खोकल्याचा आवाज येत होता. तो पावसाळ्यापासूनच येत होता. गोटीराम खोकायचा आणि भिंतीच्या अलीकडे पुतळाबाई चुलीपाशी बसून ऐकायची. ऐकून तिला वाटायचं, भोग आता. आता तोच आवाज ऐकताना तिला भिंतीपलीकडचा सुमित्राचा मशेरीचा तवा दिसायला लागला. गोटीरामच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो खोकायचा. खिडकीत चिंध्या कोंबायचं सुमित्राने हिच्याकडूनच उचललं होतं.

आधी तिने स्वस्तात सुटायचा प्रयत्न केला. "सुमित्रे, मशेरी भायेर भाजत जा."

"का गं बाय?"

"असंच. घर काळं होतं."

"घर काय आज काळं झालंय?" सुमित्रा हसली. "भायेर वाऱ्यानं निम्मी उडून जाईल माजी. तू भाज भायेर, तुला कोन हाय इचारायला."

कारण सांगितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. आणि कारण एकच होतं, ते सांगायचं तर वामनचंही सांगावं लागणार होतं. पुतळाबाईने नऊ दिवस घेतले. त्या नऊ दिवसांत तिने स्वतःची मशेरी बंद केली. तोंड कडू झालं, डोकं ठणकलं, हात सकाळी आपोआप डबीकडे जायचा. गोटीरामचा खोकला त्या नऊ दिवसांत कमी झाला नाही.

दहावा दिवस शुक्रवारचा होता. गोटीराम ओट्यावर बसून जाळं शिवत होता. ती अंगण ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिली. सुमित्रा दारात आली.

"गोटीराम," ती म्हणाली. साडेचार वर्षांनी ते नाव तिच्या तोंडात आलं. "घरात मशेरी भाजू देऊ नको. भुरीचा खोकला त्यानं होता. काटा नव्हता. तवा भायेर काढला, खोकला गेला."

गोटीरामने सुईतला दोरा दाताने तोडला.

"तुज्या दादाचापन त्यानंच असंल," ती म्हणाली. "मी दारं लावून भाजायची. तो आत बसायचा."

सुमित्राने पदर तोंडाला लावला. गोटीरामने जाळं बाजूला ठेवलं, घडी घालून, अगदी सावकाश.

"आनि तू मला पानावरून उठवलास," तो म्हणाला.

"हो."

"पोरगी अजून इचारते. काकीचं मी काय केलं होतं."

गोटीराम उठून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सुमित्राचा तवा पडवीत आला. शिमग्यापर्यंत गोटीरामचा खोकला निम्म्यावर आला, पण गेला नाही. तो त्यानंतर पुतळाबाईशी बोलला नाही. अबोला तोच होता, फक्त आता तो गोटीरामचा होता, आणि तो मोडायचा हक्क आपल्याला नाही हे तिला कळत होतं. भुरी मात्र शुक्रवारी उन्हं वर आली की अंगण ओलांडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो तिला हाकलत नसे. जाळ्यातला एखादा बोंबील काढून तिच्यापुढे टाकायचा, आणि इकडे बघायचा नाही.

भोंगा वाजायचा, गोटीराम डबा घेऊन कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी परत येताना वाटेत थांबून खोकायचा. उरलेला खोकला कशाचा, हे पुतळाबाईला दिसत होतं, वासही रोज येत होता. कदाचित वामनचाही निम्मा तिथलाच असेल. पण आता तसं म्हणायला तिला तोंड राहिलं नव्हतं. ती पडवीत बसून, तो अंगण ओलांडून आपल्या घरात शिरेपर्यंत, तो खोकला ऐकायची.