दमलेल्या सेलांवरचं जॅझ

बेलापुरात कुणाला जॅझ म्हणजे काय असं विचारलंत, तर तो जोसेफ भिंगारदिव्याच्या घराकडे बोट दाखवील आणि वर हसेलही. त्या घरासमोरच माझी पिठाची गिरणी आहे. माझा पट्टा थांबला की त्याची तबकडी सुरू, हा चर्चमागच्या आमच्या गल्लीचा जुना रिवाज. दिवसभर गिरणीनं कान किटलेले, त्यात हे. मला ते संगीत मुळीच आवडत नाही, हे मी जन्मभर सगळ्यांना बजावत आलोय.

जोसेफअण्णा माझ्यापेक्षा वयानं मोठा, आता पंच्याहत्तरीला टेकलेला. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात त्याचं आयुष्य गेलं. इकडे पारनेर, तिकडे काष्टी, लग्नसराईत माणूस घरी दिसायचा नाही. घोड्यावरचा नवरदेव एकवेळ विसरला जाईल, पण अण्णाचं ट्रम्पेट लोकांच्या ध्यानात राहायचं. मग डीजे आला आणि बँड मोडला. पुढे दातही गेले, कवळी आली, आणि ट्रम्पेट खाटेखाली गेलं.

तबकड्यांची पेटी मात्र खाटेवर, उशाशी. अण्णाचा बाप मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. तिथले साहेब मायदेशी परतताना ती पेटी आणि तबकड्या वाजवायचा, सेलवर चालणारा फोनो त्याला देऊन गेले. साऱ्या तबकड्या अमेरिकेतल्या एकाच जुन्या कंपनीच्या, मधोमध निळा कागद चिकटवलेल्या. त्यातही अण्णाच्या लाडक्या होत्या त्या म्हाताऱ्यांच्या. केस पिकलेल्या, गालफडं बसलेल्या वादकांनी उतारवयात वाजवलेल्या. इंग्रजी नावं त्याच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यानं आपलीच नावं ठेवली. पियानो वाजवता वाजवता पाय आपटणारा तो ‘पायआपट्या’. सॅक्सोफोनच्या सुराआधी ज्याचा श्वास ऐकू येतो तो ‘दमेकरी’. आणि सगळ्यांत लाडका ‘खोकलेबुवा’. त्याच्या ट्रम्पेटच्या आधी एक खोकला ऐकू येतो आणि मग सूर निघतो, खोल, संथ, कुठलीही घाई नसलेला.

“मच्छिंद्रा, ऐक,” अण्णा मला दारातून ओढून न्यायचा. “आमी वरातीत जोर करून मरतो. ह्यो बग. दोन सुरांच्या मधी पार वाट बघतोय. म्हाताऱ्या मानसालाच जमतं हे.”

मी म्हणायचो, “झोपलाय तो.”

पण एक कबूल करायला हवं. त्या संथ सुरांसमोर बसलेला अण्णा पाहिला की माझा आवाज आपोआप खाली यायचा. देवळात येतो तसा.

आता त्या फोनोची तऱ्हा सांगतो. अण्णाच्या घरात नवे सेल आधी बॅटरीत जात, रात्री पाणी धरायला. बॅटरीचा उजेड पिवळा पडला की तेच सेल फोनोत. तिथेही दमले की अण्णाची बायको, रेबेकावहिनी, ते पत्र्यावर उन्हात तापवायच्या, की आणखी आठवडाभर चालले. कधीतरी नाताळात अण्णानं हौसेनं फोनोत कोरे सेल घातले, तर तबकडी सुसाट पळाली. अण्णा घाबरून म्हणाला, “नव्या सेलानं मशीन पिसाळतंय.” तेव्हापासून कोरा सेल फोनोला वर्ज्य. आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी अण्णाच्या नातीचं, जेनिफरचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नर्स आहे. तिनं एकच हट्ट धरला. चर्चमध्ये नवरी आत येताना जी ठरलेली धून वाजते ती नको, आजोबांनी खोकलेबुवाची धून वाजवायची. अण्णानं खाटेखालून ट्रम्पेट काढलं, चिंच लावून घासलं. कवळी लावून वाजवून पाहिलं, काढून पाहिलं. पहिले दोन दिवस नुसती फुसफूस. मग एका संध्याकाळी ती धून निघाली, थरथरत, पण निघाली. मी गिरणी थांबवून ऐकली. पट्टा तापला होता म्हणून थांबवली, असं मी गिऱ्हाइकांना सांगितलं.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि जेनिफर आली. तिनं तबकडीच्या वेष्टणाच्या फोटोवरून मोबाईलवर शोधून ती मूळ धून मिळवली होती. आजोबांना आनंद होईल म्हणून सोबत छोटा स्पीकरही आणला. आम्ही सगळे अण्णाच्या ओट्यावर जमलो.

खोकला आला. झटकन. आणि त्यामागून ट्रम्पेट असं उसळलं, की जणू खुराड्याचं दार उघडल्यावर कोंबड्या सुटाव्यात. उंच, चपळ, हसरं.

“ह्यो कोन?” अण्णानं विचारलं.

“हाच तो, आजोबा. खोकला ऐकलात ना? तुमचा फोनो सावकाश फिरतो. सेल दमलेले असतात म्हणून.”

अण्णानं धून पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. मग विचारलं, “वाजवला तवा वय काय हुतं त्याचं?”

तिनं मोबाईलवर पाहिलं. “सत्तरीच्या पुढं होते.”

अण्णाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. “सत्तरीत ह्यो दम? आन मी येड्यानं त्याला जन्मभर लंगडत चालवला!” त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं, नुसतं कौतुक. मग ते हळूहळू विझलं. त्यानं ट्रम्पेट फडक्यात गुंडाळलं. “चुकीचं शिकलो, पोरी. बरोबर वाजवायला आता छाती न्हाई. तुजी ती ठरलेली धूनच लाव.”

“त्या पळत्या बाबाच्या मागं मी चालू कशी?” जेनिफर म्हणाली. “साडीत पाय अडकून पडेन. मला तुमची हळूच हवी.”

अण्णा हसला नाही. ट्रम्पेट खाटेखाली गेलं आणि आठ दिवस गल्लीत तबकडीही वाजली नाही. इतकी वर्षं जी शांतता मी मागत होतो ती मिळाली, आणि मला ती खायला उठली.

लग्नाच्या दिवशी चर्च भरलं होतं. अण्णा पहिल्या बाकावर, हात रिकामे. पाळकसाहेबांनी खूण केली, कीबोर्डवाल्यानं ठरलेली धून धरली. पांढऱ्या साडीतली जेनिफर दारात उभी होती. ती हललीच नाही. कीबोर्डवाला एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. ती तशीच, आजोबांकडे बघत. शेवटी रेबेकावहिनींनी बाकाखालून ती फडक्याची गुंडाळी काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“मी नांदायला आले त्या सांजंला हीच लावली हुती तुमी,” त्या म्हणाल्या. “हळूच हुती. मला तीच ठावी हाय.”

अण्णा उठला. ट्रम्पेट ओठाला लावलं आणि खोकला. मुद्दाम नव्हे, खरोखरच आला. आमची अख्खी गल्ली खुदकन हसली. मग सूर आला, जाड, संथ. जेनिफरनं पाऊल उचललं. एक सूर, एक पाऊल. दोन सुरांच्या मधे अण्णा वाट बघत होता, आणि तीही थांबत होती.

ती मधोमध पोचली आणि अण्णाचा दम संपला. कवळी सरकली, सूर फाटला. त्यानं ट्रम्पेट खाली घेतलं. धुनेची शेवटची ओळ बाकी होती. जेनिफर जागच्या जागी थबकली.

आधी रेबेकावहिनींची गुणगुण ऐकू आली. मग मागच्या बाकावरून कुणाची तरी. मग आमची सगळी गल्ली. शब्द नव्हतेच त्या धुनेला, नुसतं हुंकारत होते सगळे, दमलेल्या सेलांच्या चालीत, मधे तितकंच थांबत, कुणीही पुढे न पळता. कुणी कुणाला शिकवली नव्हती. भिंतींतून येऊन मुरली होती ती आमच्यात.

अण्णा ट्रम्पेट छातीशी धरून एकेका तोंडाकडे बघत गेला. माझ्यापाशी येऊन त्याची नजर थांबली, तेव्हा मला कळलं की मीही गातोय.