वहीतलं 'नाय'

मुरबाडला आजीकडे सुट्टी घालवून आलेल्या लेकीच्या वहीत काल 'नाय' दिसलं आणि मला माझी दुसरीतली वही आठवली. बाईंनी ह्याच शब्दाखाली लाल रेघ मारली होती.

ती वही घेऊन घरी आले तेव्हा आई नाचणीची भाकरी थापत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"काय चुकलं गो?"

"'नाय' नाय लिहायचं. 'नाही' लिहायचं."

"मंग आजपासून घरात पन तेच बोलू."

जेवताना बाबांनी विचारलं, "चटणी हाय का?"

"ना... नाही," आई अडखळत म्हणाली. मी खूप हसले. आठवडाभर ती तशीच बोलत राहिली. माझा अभ्यास तीही करत होती, हे आता कळतं.

लेकीला शब्द सुधारायला लावला आणि आईला फोन केला.

"जेवलीस का गो?"

"नाय," मी म्हटलं.