तिसऱ्या पाळीची झोप

आमच्या चाळीत बी. ए. झालेली पहिली पोर म्हणजे कोंडीरामची प्रभावती. पिंपरीत रेल्वेच्या रुळांलगत आमची पत्र्याची चाळ. कोंडीराम माझा भिंतशेजारी. राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून आला आणि कारखान्यात भट्टीवर लागला तो लागलाच. पोरीला शिकवायचं म्हणून मिळेल तो ओव्हरटाइम करायचा. त्याची बायको सोजरबाई. तिनं माझी दोन बाळंतपणं काढली, त्यामुळं मी या घराबद्दल बोलते ते पाहुण्यासारखं बोलत नाही.

सत्त्याहत्तर साली प्रभाला पुण्याला एम. एस. डब्ल्यू.ला प्रवेश मिळाला. समाजसेवेचंही कॉलेज असतं हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडं ती फुकटच चालायची. कोंडीरामनं बुद्धाच्या फोटोपुढं पेढे ठेवले, मग चाळभर वाटले. पोरीची तयारी सुरू झाली. कांजी केलेल्या सुती साड्या आल्या, खांद्याला शबनम आली, 'न्हाई'चं 'नाही' झालं. मी चिडवायचे, "काय बाईसाहेब, आता आमच्याशी बोलाल ना?" ती हसायची. पण आरशापुढं उभी राहून बोलायचा सराव करताना मी तिला फटीतून पाहिलंय.

वर्ग भरायच्या आधी नव्या मुलांना वस्त्या दाखवायला नेत. कुठं नेणार हे त्या दिवशी निघताना प्रभालाही ठाऊक नव्हतं. उन्हं वर आली आणि शिकवणाऱ्या बाई पोरापोरींचा घोळका घेऊन आमच्याच चाळीत हजर. सगळ्यांत मागं प्रभा, मान खाली घालून.

आता तिसऱ्या पाळीचं सांगते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की त्याच्या दाराच्या कडीला फडकं बांधायचं, ही आमच्याकडची रीत. फडकं दिसलं की भाजीवाली ओरडत नाही, पोस्टमन पत्र शेजारी देतो. झोप मोडलेला माणूस रात्री भट्टीपुढं डुलकतो आणि हात भाजून घेतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. कोंडीरामच्या कडीला त्या सकाळी फडकं बांधलं होतं ते प्रभानंच.

बाई नेमक्या त्याच दारापुढं थांबल्या. म्हणाल्या, "प्रभावती, तू इथं जवळच संत तुकाराम नगरात राहतेस ना? तुला या लोकांची सवय असेल. वाजव दार."

मी चाटच पडले. पक्क्या इमारतींच्या त्या संत तुकाराम नगरात हिचं कोण बसलंय? "अगं प्रभे" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात नळावरून हंडा घेऊन आलेल्या सोजरबाईनं माझा दंड धरला. असा धरला की वळ उठले.

एका शब्दाचं काम होतं. 'झोपलेत' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. मेलीनं कडी वाजवली.

कोंडीराम बाहेर आला. लुंगी, फाटकं बनियन, डोळे लालभडक. पोरीला बघून त्याचं तोंड उघडलं, मग मागचा घोळका दिसला आणि ते मिटलं. माणूस अडाणी असेल, खुळा नव्हता.

"घरात कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मी आन् ही आमची मंडळी."

"मुलंबाळं?"

"येक पोरगी हाय. शिकाया असती, लांब."

मग त्यानं सगळ्यांना आत घेतलं, खाट झटकली. पोरीलाही म्हणाला, "ताई, तुमीबी बसा." प्रभा स्वतःच्याच खाटेच्या कडेला टेकली. चेहरा शरमेनं काळाठिक्कर. सोजरबाईनं सगळ्यांना चहा दिला, तिलाही दिला, तिच्याकडं न बघता. जाताना एक मुलगा म्हणाला, किती अगत्याची माणसं आहेत. डोंबलाचं अगत्य. मला तर त्या पोरीच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं झालं होतं.

संध्याकाळी ती घरी आली. पत्र्याच्या भिंतीला कान लावावा लागत नाही, सगळं ऐकू येतं. पलीकडं सोजरबाईनं स्टोव्ह पेटवला. मग कोंडीरामच म्हणाला, "पोरी, माझंच चुकलं. तसाच बनियनवर भाईर आलो. सदरा घालाया पायजे व्हता. उगंच तुला खाली बघाया लागलं."

मला रडूच कोसळलं. लाज वाटायला हवी कुणाला आणि वाटत होती कुणाला.

प्रभाही हुंदके देत होती. बापाची समजूत घालावी असं तिला वाटलं असेल. म्हणाली, "नाही हो अप्पा, तुमचं काही चुकलं नाही. कुणाला काही कळलं नाही."

तिकडचा स्टोव्ह बंद झाला.

"आमाला कळलं की," सोजरबाई म्हणाली.