वाईट बातमीची खुर्ची

इंग्लंडात पहिल्याच वर्षी माझ्याविरुद्ध तक्रार झाली. औषध चुकलं म्हणून नाही की पेशंट दगावला म्हणून नाही. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट वाईट आला होता. मी त्यांच्या मुलीला पॅसेजमध्ये बोलावलं, आवाज खाली केला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, आईला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पण आजार तिचा आहे ना?"

माझं काय चुकलं, मला खरंच कळेना. मी मुंबईत शिकलो. इथे मी हेच बघत आलो होतो. वाईट बातमी ही नातेवाइकाची. घरातला कर्ता कोण, मुलगा की जावई, ते आधी विचारायचं आणि त्याला बाहेर न्यायचं. पेशंटला सांगायचं, थोडी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. माझे सगळे सीनियर असंच करायचे आणि त्यातली दोन-तीन तर देवमाणसं होती. पण तिकडे कोणाला समजावणार? मी बाहेरून शिकून आलेला डॉक्टर. माझ्या डिग्रीवर आधीच त्यांची बारीक नजर, त्यात हे. मला रीतसर एका वर्गाला पाठवलं. वाईट बातमी कशी सांगावी, याचा वर्ग. आजूबाजूला सगळे माझ्यासारखेच, कोणी नायजेरियाचा, कोणी इजिप्तचा. आयुष्यात ढिगाने मरणं बघून आलेले आम्ही, पहिलीतल्या पोरांसारखे बाकावर.

तिथे शिकवलं ते असं. उभ्याने सांगायचं नाही. खुर्ची ओढायची, पेशंटच्या जवळ, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. मोबाइल बंद. आधी त्यालाच विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय तुम्हाला? मग सरळ शब्दांत सांगायचं आणि सांगून झालं की तोंड बंद ठेवायचं.

हे सगळं मी फोनवर बाबांना सांगितलं, जरा मीठमसाला लावून. बाबा मरोळच्या एका कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते. रिटायर झाल्यावर आईबरोबर मुलुंडच्या सोसायटीत राहायचे. दुपारी चारलाच अंधार पडणाऱ्या त्या गावात डाळ गरम करत मी एकटा बोलायचो आणि ते ऐकायचे. खुर्चीचं ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे साहेब खुर्ची ओढताना दिसला की समजायचं, आपली वाट लागली," म्हणाले.

तेव्हापासून घरात तेच सुरू झालं. सोसायटीची लिफ्ट बंद पडली की बाबांचा फोन, "खुर्ची ओढ रे, बातमी आहे." माझ्या ताईची सासू महिनाभर राहायला आली तर ताई बोरिवलीहून फोन करून म्हणायची, "दोन खुर्च्या ओढ." इतक्या लांबून घरचं म्हणून हातात काही लागत नाही. हे लागायचं. मला बरं वाटायचं.

आणि वॉर्डात मी खरंच खुर्ची ओढायला शिकलो. आधी नाइलाजाने, मग सवयीने, मग पटून. लोक रडायचे, चिडायचे, पण नंतर फोन मागून घ्यायचे. कोणाला मुलाला भेटायचं असायचं, कोणाला कुत्र्याची सोय लावायची असायची. उरलेला वेळ त्यांचा त्यांच्या हातात असायचा. आपल्याकडे आपण माणसाकडून हेच काढून घेतो आणि त्याला माया म्हणतो, असं मला वाटायला लागलं. मोठा शहाणा झालो होतो मी.

यंदा एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. बाबांना कावीळ झालीये, अंगाला खाज सुटते, वजन उतरलंय. वय आणि लक्षणं ऐकूनच काय असणार ते मी ओळखलं. मिळेल ते विमान पकडून मी मुलुंडला पोचलो. सकाळी हॉस्पिटलात गेलो तर तिथले डॉक्टर, माझ्याच वयाचे, बाबांच्या पलंगाशी हसून बोलले आणि मग मला म्हणाले, "डॉक्टर, या ना जरा बाहेर."

मी बाहेर गेलो. पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरपाशी, आवाज खाली करून त्यांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. लिव्हरमध्ये उतरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. कावीळ उतरावी म्हणून नळी टाकली की थोडे दिवस बरे जातील. "काही महिने. वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." वाक्य माझंच होतं.

ताईने ठरवलेलं होतंच. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तिकडचं शहाणपण इकडे नको हां." मी म्हटलं, आजार त्यांचा आहे. ती म्हणाली, "आजार त्यांचा, आणि रात्री त्यांच्याजवळ बसणार कोण? तू? तू विमानात बसशील रे. ते खचले, जेवायचे थांबले, तर भरवणार मी." सगळ्या तपासण्यांना तीच रिक्षा करून त्यांना घेऊन हिंडली होती. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "नको सांगूस बाळा. त्यांना झेपेल एक वेळ. मला नाही झेपायचं."

मी गप्प बसलो. नळी टाकली, डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, बाबा घरी आले आणि पेज मागून घ्यायला लागले. आमच्या घरात एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे, बाल्कनीच्या दाराशी. त्या दिवसांत मी तिला हात लावला नाही. जेवायला खाली बसायचो, बाबांशी बोलताना पलंगाच्या कडेला टेकायचो नाहीतर भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. मला वाटलं, हे फक्त मला कळतंय.

एका संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले शेजारी बघायला आले. "काय म्हणतात डॉक्टर?" त्यांनी हळूच मला विचारलं. उत्तर बाबांनीच दिलं. "त्याला काय विचारता? तिकडे त्यांना तोंडावर सांगायची शिकवण आहे. काही असतं ना, तर खुर्ची ओढून समोर बसला असता. बघा, आल्यापासून उभाच आहे." आणि मनापासून हसले. शेजारीही हसले. मी पण हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. माझा बाप माझ्या खरेपणावर विसंबून निर्धास्त झाला होता. ताईचं खोटं त्यांनी कदाचित ओळखलं असतं. माझं ओळखायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

आणि मग त्यांनी गणपतीचा विषय काढला. आमचा गणपती गावाला, कोकणात, मूळ घरी बसतो. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांची आलटून पालटून पाळी. ज्याची पाळी, तो जोडीने पूजेला बसतो, खर्च आणि राबणं त्याचं. मागच्या वर्षी बाबांची पाळी होती आणि मला रजा मिळाली नव्हती. आरतीला सगळे पुतणे, भाचे उभे, आणि माझी जागा रिकामी. ते त्यांना लागलं होतं, बोलले नव्हते एवढंच. यंदा काकांची पाळी. "पुढच्या वर्षी आपली," बाबा म्हणाले. "रजेचं आत्ताच सांगून ठेव तुझ्या साहेबाला. या खेपेला पूजा तुझ्या हातून. मी बाजूला बसून सांगेन." मखर कसं करायचं, मागे फिरतं चक्र कसं बसवायचं, कुठला पाइप घ्यायचा, सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. रोज त्यात भर पडायची. आई डाळ निवडत मान हलवायची. मी "हो बाबा" म्हणायचो.

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. ऐकून ऐकून मला वेड लागायची पाळी आली. यंदाचे गणपती चार महिन्यांवर होते. तेवढं निभेल की नाही, मलाच खात्री नव्हती, आणि हा माणूस वर्षभरानंतरचे खिळे मोजत होता. सांगितलं तर निदान यंदाची पाळी मागून घेईल. नाही सांगितलं तर त्याची शेवटची पूजा होऊन गेलेली आहे, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

माझं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. दुपारी आई भाजीला खाली गेली. ताई बोरिवलीला, तिच्या घरी. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी बाल्कनीच्या दाराशी गेलो आणि खुर्ची ओढली. फरशीवर तिचे पाय करकरले.

"उचलून ठेवावी रे, चरे पडतात," बाबा सवयीने म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. मी खुर्ची त्यांच्या पलंगाला लावून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. इतक्या पेशंटांसमोर बसलो मी, असा चेहरा कधी बघितला नव्हता.

"मोबाइल बंद केलास?" त्यांनी विचारलं.

"केला." मी म्हटलं. "बाबा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय..."

"ते तिकडचं राहू दे. सांग."

मी सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरला, लिव्हरचं सांगितलं, ऑपरेशन का नाही ते सांगितलं. मग शिकवल्याप्रमाणे गप्प बसलो. गप्प बसणं एवढं कठीण असतं, हे त्या वर्गात कोणी बोललं नव्हतं. खाली भंगारवाला ओरडत गेला. बाबा पांघरुणाचा काठ बोटांनी सारखा करत होते.

"गणपती?" त्यांनी विचारलं.

"यंदाचे सांगता येत नाही. पुढच्या वर्षीचे नाहीत, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे करून म्हणाले, "तुझा मोबाइल चालू कर. काकाला लाव."

मी लावून दिला. बाबा आणि काका एकमेकांशी आमच्यासारखं मराठी बोलत नाहीत, गावच्या बोलीतच बोलतात. "अरे, ह्या वर्षाची पाळी माका दी," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षाची तू घे." पलीकडून काही विचारलं गेलं असणार. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कित्याक म्हणजे? झिलाक पुढच्या वर्षी रजा गावाची नाय. परदेशातली नोकरी ती, आपल्या हातात आसा काय? नाय रे, मी बरो आसय. कावीळ काय, जातली."

तेवढ्यात दारात आई. भाजीची पिशवी हातात, शेवटचं सगळं ऐकलेलं. तिने पलंगाला लावलेली खुर्ची बघितली. मग पिशवी ओट्यावर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही का रे मिळत पुढच्या वर्षी रजा?"

"नाही गं," मी म्हटलं.

बाबा फोन परत देत म्हणाले, "आता खुर्ची जागेवर ठेव. उचलून."

काकांनी पाळी दिली. बाबांनी पाइप आणून मखराचं काम सुरूही केलं, चक्र बसवलं, असं ताई फोनवर सांगायची. ती माझ्याशी तेवढंच बोलायची, कामापुरतं. मी तिकडे यंदाच्या गणपतीची रजा टाकली आणि साहेबांनी ती कधी नव्हे ते लगेच मंजूर केली. ती मला आषाढातच घ्यावी लागली.